पीसीओडी आणि वजनाचे औषध : निर्णय कसा घ्यावा, उपचार कसा चालवावा

वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीच्या मात्रेतील सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. पुढे मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट संपले आणि देशी कंपन्यांनाही ते बनविण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून पुण्यात पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलेली तरुणी "मला ते इंजेक्शन चालेल का?" असे हमखास विचारते. प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो पहिला नव्हे. पीसीओएस, म्हणजे आपल्याकडे सर्रास पीसीओडी म्हटला जाणारा अंडाशयांचा आणि संप्रेरकांचा विकार, असलेल्या स्त्रीने सर्वांत आधी ठरवायचे ते हे की, येत्या दोन वर्षांत मूल हवे आहे का आणि हवे असल्यास साधारण केव्हा. कोणते औषध निवडायचे, ते किती काळ चालवायचे आणि केव्हा थांबवायचे, हे पुष्कळसे या उत्तरावर अवलंबून असते. औषधाची मात्रा ठरविणे डॉक्टरांचे काम आहे, परंतु त्यांच्यासमोर कोणती माहिती ठेवायची आणि कोणते प्रश्न विचारायचे ही तयारी आपलीच असते, आणि पुढील मजकूर त्या तयारीसाठी आहे.

निदान पक्के आहे का, हे आधी पाहावे

सोनोग्राफीच्या अहवालावर "पॉलिसिस्टिक ओव्हरीज" असे लिहून आले म्हणजे आजार सिद्ध झाला, असे होत नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात : पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव रक्ततपासणीत किंवा चेहऱ्यावरील केस, मुरुमे यांच्या रूपाने दिसणे, आणि अंडाशयांचे सोनोग्राफीतील विशिष्ट स्वरूप. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही ग्राह्य धरली. वयात येणाऱ्या मुलींमध्ये मात्र या दोन्हींवर विसंबू नये, पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव या दोन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. थायरॉइडचा विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन आणि ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात दोष यांच्यामुळेही असेच चित्र दिसू शकते, म्हणून थायरॉइडसाठीची टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या तपासण्या झाल्या आहेत की नाहीत हे आपल्या फाईलमध्ये पाहावे. थायरॉइड कमी असल्यामुळे वाढलेल्या वजनावर महागडे इंजेक्शन घेत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

उद्दिष्ट किलोंमध्ये नव्हे, तक्रारींमध्ये मांडावे

"दहा किलो उतरवायचे आहेत" हे उद्दिष्ट डॉक्टरांच्या फारसे उपयोगाचे नसते. पाळी तीन-तीन महिने येत नाही, साखर सीमारेषेवर आहे, चेहऱ्यावरील केस वाढत आहेत, दोन वर्षे प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, यांपैकी कोणती तक्रार सर्वांत आधी सुटावी हे सांगता आले पाहिजे, कारण प्रत्येकीवरील उपचार निराळा असतो. पाळी नियमित करणे आणि केसांची वाढ रोखणे यांसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या हा पहिला उपचार मानला जातो आणि त्यासाठी आधी वजन उतरलेच पाहिजे अशी अट नसते. गर्भधारणेसाठी बीजोत्सर्ग (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) घडवून आणायचा असेल तर लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. वजनाचे औषध या उपचारांना पूरक आहे. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते, इन्शुलिनची कार्यक्षमता वाढते आणि रक्तातील चरबीचे प्रमाण खाली येते. ७२ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ही घट ३.६ ते ७.२ किलो होते. लग्नाच्या फोटोंच्या हिशेबाने हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु अंडाशयांच्या हिशेबाने तो किरकोळ नाही.

औषधाची पात्रता बीएमआयवर ठरते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो : १५८ सेंटिमीटर उंची आणि ७२ किलो वजन असेल तर सुमारे २८.८. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ३० किंवा त्याहून अधिक बीएमआय, अथवा २७ च्या पुढे आणि सोबत वजनाशी निगडित एखादा आजार, अशी मर्यादा दिलेली असते. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीपत्रात २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरली आहे, तर औषधासाठी २७, किंवा सोबतचा आजार असल्यास २५, ही मर्यादा सुचविली आहे. आपल्यासाठी उंबरठा खाली का आणला गेला, याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातच तयार झाला आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून माता-बालकांचा जो अभ्यास चालविला, त्यातही आपल्याकडील बाळे जन्मतः लहान असूनही तुलनेने अधिक चरबीची असतात असे आढळले. म्हणून बीएमआयबरोबर कमरेचा घेर मोजावा. स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढील घेर आपल्याकडे धोक्याचा मानतात. याची दुसरी बाजूही आहे : ज्या स्त्रीचा बीएमआय २२ आहे आणि घेरही मर्यादेत आहे, तिला पीसीओडी असली तरी वजनाचे औषध देण्याचे कारण नाही, आणि तसा आग्रह कोणी धरलाच तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

मूल केव्हा हवे, यावरून उलटा हिशेब मांडावा

सेमाग्लुटाइड शरीरातून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी किमान दोन महिने ते बंद करावे लागते. टिर्झेपॅटाइडसाठी हा काळ किमान एक महिना सांगितला जातो. गरोदरपणात ही औषधे घ्यायची नसतात आणि स्तनपानाच्या काळातही ती टाळण्याचा सल्ला दिला जातो. आता समजा, एखाद्या स्त्रीला एका वर्षाने दिवस राहावेत असे वाटते. सेमाग्लुटाइडची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी वाढवीत २.४ पर्यंत नेताना १६ आठवडे जातात आणि शेवटचे दोन महिने औषधाविना ठेवायचे असतात, म्हणजे पूर्ण मात्रेवर राहण्यासाठी जेमतेम सहा महिने उरतात. सहा महिन्यांवर लग्न आणि त्यानंतर लगेच मूल, असा बेत असेल तर या इंजेक्शनांचे गणित बसत नाही. त्याऐवजी मेटफॉर्मिनची गोळी, आहार, व्यायाम आणि आवश्यक तेथे बीजोत्सर्गाचे उपचार हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर वजन उतरविण्यासाठी दवडलेले वर्ष गर्भधारणेची शक्यता कमी करणारे असू शकते, आणि ही चर्चा एकट्या वजनाच्या डॉक्टरांशी न करता वंध्यत्वाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमवेत व्हावी.

याच्या नेमकी उलट चूकही घडते आणि ती अधिक महागात पडते. पाळी सहा-सहा महिने येत नाही म्हणजे आपल्याला दिवस राहणारच नाहीत, असे मनाशी धरून गर्भनिरोधकाचा विचारच केला जात नाही. वजन उतरू लागले की बीजोत्सर्ग पुन्हा सुरू होतो, आणि तो पहिल्या पाळीच्या आधी होतो, त्यामुळे पाळी परत येण्याची वाट पाहणारीला दिवस गेल्याचे उशिरा कळते. म्हणून औषधाच्या पहिल्या दिवसापासून खात्रीचे गर्भनिरोधक हवे. त्यात एक बारकावा आहे. टिर्झेपॅटाइडमुळे पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि तोंडावाटे घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचे शोषण घटू शकते, त्यामुळे औषध सुरू केल्यावर चार आठवडे आणि पुढे मात्रा वाढविल्यावर प्रत्येक वेळी चार आठवडे गोळीच्या जोडीला कंडोम वापरावा, किंवा तांबी, हार्मोनची तांबी असे पोटावर अवलंबून नसलेले साधन निवडावे. कोणत्याही औषधाने जोराच्या उलट्या किंवा जुलाब झाले, तर त्या दिवसांतील गोळीवरही भरवसा ठेवू नये. अविवाहित मुलीला हे प्रश्न आईसमोर विचारणे जड जाते, हे उघड आहे. डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे असे म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे आणि चांगले डॉक्टर स्वतःहूनही तशी संधी देतात.

औषधे कोणती आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

मेटफॉर्मिन हे मूळचे मधुमेहाचे औषध १९५७ पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि कोणत्याही केमिस्टकडे मिळते. पीसीओडीसाठी ते दिले जाते तेव्हा माहितीपत्रकात त्या आजाराचा उल्लेख नसतो. त्यामुळे "मला तर मधुमेह नाही, मग ही गोळी का?" असा घोळ घरोघरी होतो. हा वापर वैद्यकशास्त्राला मान्य आहे आणि २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही बीएमआय २५ च्या पुढील स्त्रियांसाठी तो सुचविला आहे. मेटफॉर्मिनने उतरणारे वजन दोन-तीन किलोंच्या आसपास असते. त्याचा खरा उपयोग इन्शुलिनची कार्यक्षमता सुधारण्यात आहे. मात्रा ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून एक-दोन आठवड्यांनी वाढवावी, गोळी जेवणासोबत घ्यावी, आणि मळमळ किंवा जुलाब होत असतील तर सावकाश विरघळणारी एसआर गोळी मागून घ्यावी. ती पुष्कळ सोसवते. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि शाकाहारी स्त्रियांमध्ये ते आधीच कमी असण्याची शक्यता असते, म्हणून त्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी.

ऑर्लिस्टॅट १२० मिलिग्रॅमची गोळी प्रत्येक मुख्य जेवणाबरोबर घेतात. ती अन्नातील सुमारे ३० टक्के चरबी पचू देत नाही आणि न पचलेले तेल शौचावाटे बाहेर पडते. तळलेले खाल्ले की त्याची शिक्षा तत्काळ मिळते, एवढे सांगितले म्हणजे तिच्या मर्यादा लक्षात याव्यात. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे कमी पडू नयेत म्हणून रात्री झोपताना मल्टिव्हिटॅमिन घ्यावे आणि थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोहोंमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

आता इंजेक्शने. लिराग्लुटाइड रोज, तर सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. जेवल्यानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे ती काम करतात, मेंदूतील भुकेचा जोर कमी करतात आणि पोट सावकाश रिकामे होऊ देतात. टिर्झेपॅटाइड जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचेही काम करते. मोठ्या चाचण्यांत लिराग्लुटाइडने ५६ आठवड्यांत सरासरी ८ टक्के, सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम मात्रेने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के आणि टिर्झेपॅटाइडच्या १५ मिलिग्रॅम मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन घटले. मात्र या चाचण्या सर्वसाधारण स्थूल व्यक्तींवरील होत्या आणि त्यांतील सहभागींना आहार-व्यायामाचे मार्गदर्शनही मिळत होते. पीसीओडी असलेल्या स्त्रियांवरील अभ्यास संख्येने लहान आहेत, आणि त्यांतून वजन, कमरेचा घेर आणि पाळी यांत सुधारणा दिसली असली तरी ही औषधे "पीसीओडीचे औषध" म्हणून मंजूर झालेली नाहीत. मार्गदर्शक तत्त्वे त्यांना मान्यता देतात ती स्थूलतेवरील उपचार म्हणून.

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग अथवा एमईएन-२ हा अनुवंशिक विकार असेल तर ही इंजेक्शने घेऊ नयेत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, किंवा कधी अति खाणे आणि कधी उपाशी राहणे अशा खाण्याच्या विकाराचा त्रास असेल, तर तो लपवू नये. शेवटची गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण पीसीओडीमध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याचे विकार यांचे प्रमाण अधिक आढळते आणि भूक दाबणारे औषध अशा वेळी उलटू शकते.

पीसीओडीसाठी पूरक म्हणून विकली जाणारी इनॉसिटॉलची पाकिटे निरुपद्रवी असली तरी त्यांनी वजन उतरते याला भक्कम पुरावा नाही. वजनासाठी दिली जाणारी टोपिरामेट असलेली औषधे गर्भातील बाळाला दुभंगलेले ओठ-टाळू यांसारखे व्यंग आणू शकतात, हे लक्षात ठेवावे. थायरॉइड निरोगी असताना वजनासाठी थायरॉइडची गोळी घेणे हृदयाला घातक आहे. आणि "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून ओळखीतून मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या भुकट्यांपासून दूर राहावे : भारतात २०११ मध्ये बंदी घातलेले सिब्युट्रामिन हे भूक दाबणारे औषध अशा वनस्पतिजन्य म्हणविणाऱ्या उत्पादनांत मिसळलेले जगभर अनेकदा सापडले आहे आणि त्याने रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो.

डॉक्टरांची भेट

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून केली तरी इंजेक्शनाचा विचार असल्यास हार्मोनतज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, किंवा स्थूलतेच्या उपचारांचा अनुभव असलेले फिजिशियन यांना भेटावे. खासगी सल्ल्याचा खर्च झेपणारा नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग हा पर्याय आहे. तेथे वेळ जातो, म्हणून कागद नीट लावलेली फाईल सोबत असणे अधिकच उपयोगी. फाईलमध्ये मागील सहा पाळ्यांच्या तारखा, वजनाचा इतिहास, घरातील मधुमेह आणि कर्करोगाची माहिती आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी असावी. यादीत केसांसाठी घेतलेल्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्याही लिहाव्यात, कारण त्यांच्याबरोबरही गर्भनिरोधक लागते.

औषधापूर्वीच्या तपासण्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी असावी, कारण पीसीओडीमध्ये केवळ उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (मागील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) यांतून बिघाड निसटू शकतो. रक्तदाब, लिपिड, यकृत, क्रिएटिनिन, बी-१२ आणि गर्भधारणेची चाचणी हेही त्यातच आले. घोरणे आणि दिवसा पेंगणे असेल तर झोपेतील श्वासरोधाविषयी विचारावे. पाळी ९० दिवसांहून अधिक काळ येत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर जाड होण्याचा धोका असतो, त्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारखे स्वतंत्र उपचार लागतात आणि वजन उतरेपर्यंत ते लांबणीवर टाकू नयेत.

खर्च विचारताना एक दक्षता घ्यावी. सुरुवातीची मात्रा स्वस्त असते आणि वाढत्या मात्रेबरोबर किंमत वाढते, म्हणून पूर्ण मात्रेचा मासिक खर्च विचारून त्याला किमान बाराने गुणावे आणि तो आकडा झेपत असेल तरच पहिली सुई टोचावी. आरोग्य विमा हा खर्च देईल असे गृहीत धरू नये. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी आधी वाचावी.

औषध आणणे, ठेवणे, टोचणे

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. बनावट सेमाग्लुटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता, तेव्हा सदाशिव पेठेतील घाऊक दुकान असो की घराजवळचा केमिस्ट, पक्के बिल, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहूनच खरेदी करावी. "परदेशातून आणलेले पेन निम्म्या किमतीत" असा निरोप ओळखीच्या व्यक्तीकडून आला तरी तो नाकारावा. न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानाला, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे, फ्रीझरजवळ नव्हे, कारण गोठलेले औषध टाकून द्यावे लागते. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा ३८-४० अंशांच्या घरात जातो, म्हणून दुकानातून बर्फाच्या पाकिटासह थंड पिशवीतच औषध घ्यावे, दुचाकीच्या डिकीत ठेवून चार कामे करीत हिंडू नये. उघडलेले पेन किती दिवस चालते हे प्रत्येक कंपनीच्या पत्रकात वेगळे असते. देशी उत्पादने अनेक असल्यामुळे मैत्रिणीच्या पेनचा नियम आपल्या पेनला लावू नये.

आठवड्याचा एक वार ठरवावा. आठवड्याअखेर घरी आराम करता येत असेल तर शुक्रवारची रात्र सोयीची, कारण मळमळ झाली तर पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त होते. पोट, मांडी किंवा दंड यांपैकी जागा दर आठवड्याला बदलावी. सुई विसरल्यास सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपॅटाइड चार दिवसांच्या आत आठवले तर घ्यावे, अन्यथा ती मात्रा सोडून ठरलेल्या वारी पुढची घ्यावी. दोनहून अधिक मात्रा सलग चुकल्या असतील तर पुन्हा खालच्या मात्रेपासून सुरुवात करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हाताला टोचतात.

ताटात काय असावे

औषधाने भूक बरीच कमी होते, म्हणून जे थोडे खाल्ले जाते त्याला महत्त्व येते. पहिले काही आठवडे पोहे, चहा-बिस्किटे आणि थोडा भात यांवर निभावून नेणाऱ्या स्त्रिया वजन घटवितात खऱ्या, पण त्या घटीत स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि स्नायू गेले की इन्शुलिनची कार्यक्षमता कमी पडण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून जेवणाची सुरुवात प्रथिनांनी करावी : आधी मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडे, मासा किंवा पनीर, मग भाजी आणि शेवटी भाकरी-पोळी. ५० ग्रॅम कोरड्या मुगातून सुमारे १२ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधातूनही साधारण तेवढीच प्रथिने मिळतात. दिवसाची बेरीज वजनाच्या दर किलोमागे किमान १ ग्रॅमच्या आसपास जावी, असे आहारतज्ज्ञ सामान्यतः सुचवितात. मिसळ, वडापाव आणि तळण यांनी मळमळ वाढते. ताट लहान घ्यावे आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवावा, समोरची व्यक्ती आग्रह करीत असली तरीही. आपल्या पंक्तीत हे सोपे नाही, त्यामुळे "डॉक्टरांनी सांगितले आहे" हे वाक्य बिनदिक्कत वापरावे.

उपवासांबाबत माझे मत जरा कडक आहे. या औषधांवर असताना निर्जळी उपवास करूच नयेत, कारण उलट्या-जुलाबांच्या जोडीला पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने स्टार्च आणि तेल तेवढे मिळते, त्याऐवजी ताक, दही, शेंगदाणे, राजगिरा आणि भरपूर पाणी यांवर भर द्यावा. नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणारीने मात्रा वाढविण्याची तारीख त्या काळात येणार नाही असे आधीच पाहून घ्यावे. गणेशोत्सवातील मोदकाबद्दल मात्र भीती बाळगायचे कारण नाही. एक मोदक खाऊन समाधान होणे, हेच तर या औषधाचे काम आहे.

व्यायामाचा दंडक आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा असा आहे आणि त्यासाठी तळजाई किंवा वेताळ टेकडीची सकाळची फेरी पुरेशी आहे. परंतु सलग नसलेल्या दोन दिवशी वजने उचलणे, बैठका, जोर यांसारखा ताकदीचा व्यायाम हवाच. टेकडी चढण्याने तो भागत नाही.

काय नोंदवावे, कशाला घाबरावे

महिन्यातून एकदा वजन, कमरेचा घेर आणि पाळीच्या तारखा लिहाव्यात. मळमळ, बद्धकोष्ठता आणि करपट ढेकर हे बहुधा मात्रा वाढविल्यावर येतात आणि ओसरतात. न ओसरल्यास मात्रा वाढविण्याची घाई करू नये, कारण खालच्या मात्रेवर वजन उतरत असेल तर वर जाण्याची सक्ती कोणीही केलेली नाही. पोटात सतत तीव्र दुखून ते पाठीकडे जाणे, उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ येणे, पाणीही पोटात न ठरणे, अचानक दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढील सुई न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भूल देऊन कोणतीही प्रक्रिया होणार असेल, आयव्हीएफमध्ये बीज काढण्याचीसुद्धा, तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनाबद्दल आधी सांगावे, कारण पोटात अन्न उरलेले असू शकते.

केस गळण्याचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. वजन वेगाने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरील केस मूठ-मूठ गळू लागतात, आणि पीसीओडीमुळे आधीच केस विरळ झालेली स्त्री घाबरून औषध सोडून देते. ही गळती बहुधा तात्पुरती असते आणि काही महिन्यांत थांबते. प्रथिने, लोह आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासून कमतरता भरून काढावी. भांगाची रेघ मात्र दिवसेंदिवस रुंद होत असेल तर ती पुरुषी संप्रेरकांमुळे होणारी गळती असू शकते आणि तिच्यावर त्वचारोगतज्ज्ञांचा उपचार लागतो.

सोसवेल तेवढ्या कमाल मात्रेवर तीन महिने काढूनही मूळ वजनाच्या ५ टक्के घट झाली नसेल, तर ते औषध आपल्यासाठी नाही असे मानून डॉक्टरांशी पुढील पर्याय बोलावा. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले होते. तेव्हा बंद कसे करायचे हे सुरू करतानाच ठरवावे : मेटफॉर्मिन पुढे चालू ठेवायचे का, कोणत्या वजनाला पुन्हा भेटायचे, आणि मूल हवे असल्यास शेवटची सुई नेमक्या कोणत्या तारखेला घ्यायची.

औषध चालू असतानाच चाचणी पॉझिटिव्ह आली, तर पुढची सुई घेऊ नये आणि प्रसूतितज्ज्ञांना शेवटच्या मात्रेची तारीख कळवावी. केवळ या कारणावरून गर्भपाताचा निर्णय घाईने घेऊ नये, कारण आतापर्यंतच्या निरीक्षणात्मक अभ्यासांत मोठ्या जन्मजात दोषांचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसलेले नाही, तरी ही माहिती अजून थोडी आहे आणि म्हणूनच सोनोग्राफीच्या भेटी चुकवू नयेत. मेटफॉर्मिन चालू असल्यास ते स्वतःच्या मनाने थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे. पीसीओडीमध्ये गरोदरपणातील मधुमेहाचा धोका अधिक असल्यामुळे ग्लुकोजची तपासणी आधी झाली नसेल तर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावी.